बुधवारचे ओले केस

हुरड्याचे दिवस आले की सोलापूरची माणसं मऊ पडतात. ज्यानं आयुष्यात कधी कुणाला चहा पाजला नाही, तोसुद्धा ‘या की रानात’ म्हणून आग्रह करायला लागतो. माझं मात्र उलटं आहे. सकाळी बोटं आखडायला लागली, गल्लीत कुणाच्या तरी घरून शेंगा भाजल्याचा वास सुटला, ज्वारी पोटरीला आली असं कुणी म्हणालं, की माझ्या अंगात भांडण शिरतं. पन्नास वर्षं होऊन गेली त्या भांडणाला, पण ते अजून शिळं झालेलं नाही.

उद्या येळवस. पंचांगात मार्गशीर्षातली वेळ अमावस्या लिहितात. आमच्या भागात, सोलापूर-अक्कलकोटपासून पार कानडी मुलखापर्यंत, या दिवशी घराला कुलूप लावून सगळे रानात जातात. उभ्या ज्वारीत कडब्याची खोप करायची, तिच्यात पाच दगड मांडून पुजायचे आणि मग रानभर आंबील शिंपडायची. का, तर कणसं अजून पोटरीत असतात, म्हणजे काळी आई पोटुशी असते. तिचे डोहाळे पुरवायचे. लेकीच्या डोहाळजेवणाला काय करतील असं सगळं करतात बायका: बाजरीचे उंडे, तुरीच्या नि वालाच्या ओल्या दाण्यांची भज्जी, शेंगाची पोळी, धपाटे. मला हा सण फार आवडतो. आणि याच सणाला मी सासरी पहिल्यांदा तोंड उघडलं.

माझ्या धाकट्या बहिणीची नात श्रुती पुण्याहून आलीय. तिला दिवस गेले होते, दिवाळीच्या आधी ते पडलं. काल दुपारी आम्ही दोघी शेंगा फोडत बसलो होतो, तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. तिनं बघितला आणि पालथा ठेवला.

“ऑफिसचा गं?”

“नाही आज्जी. पाळीचं अ‍ॅप आहे. उशीर झालाय म्हणून सांगतंय.”

“त्याला कुणी विचारलं?”

“मीच घातलंय की. नवऱ्याच्या फोनवर पण दिसतं. आणि सासूबाई रोज विचारतात, काही विशेष?”

मी हसले. पोरगी रागावली माझ्यावर. पण हसू नको तर काय करू? एवढी यंत्रं आली आणि गाडं अजून तिथंच. आमच्या वेळी हे काम गल्ली करायची, आणि तिला चार्जिंगसुद्धा लागायचं नाही.

आमची गल्ली बाळीवेशीतली. आम्ही लिंगायत. गळ्यात लिंग असतं आमच्या, ते झोपतानासुद्धा काढायचं नाही. आणि शरणांनी, म्हणजे आमच्या संतांनी, सांगून ठेवलंय की ज्याच्या अंगावर लिंग आहे त्याला विटाळ नाही. जन्माचा नाही, मरणाचा नाही, बाईच्या पाळीचाही नाही. त्यामुळं आमच्या घरात बाई बाजूला बसत नाही. शेजारच्या शांताबाई मराठा. त्यांना कावळा शिवला की त्या तीन दिवस पडवीत पोत्यावर, ताट लांबून सरकवायचं. मला त्यांची कीव यायची, आणि खरं सांगू, हेवाही वाटायचा. त्या पडवीत पाय पसरून डोळे मिटायच्या आणि मी इकडं ओटीपोट आवळून भाकरी थापत असायची. शरणांनी विटाळ काढला तो काढला, वर बाईची सुट्टीही काढून घेतली, असं मी मनात म्हणायची. तोंडानं म्हणायची सोय नव्हती, कारण समोर अत्ती असायच्या.

अत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. कानडीत सासूला अत्ती म्हणतात, आणि आमच्या घरात मराठी-कानडी एकाच ताटात असायची. त्यातही अत्तींची वाटणी ठरलेली: राग कानडीत, माया मराठीत. त्या कुठल्या भाषेत हाक मारतात त्यावरून मी आधीच पदर सावरून घ्यायची.

आता बाई बाजूलाच बसत नाही म्हटल्यावर गल्लीला कळायचं कसं? तर केसांवरून. शुक्रवार हा सुवासिनींचा न्हायचा वार. त्या दिवशी झाडून सगळ्यांचे केस ओले. पण मधेच मंगळवारी-बुधवारी एखादीचे केस ओले दिसले की समजायचं, हिनं पाळी झाल्यावर डोक्यावरून पाणी घेतलंय. आणि नवी सून ओळीनं नुसती शुक्रवारीच न्हायला लागली, की शांताबाई भिंतीवरून मान काढून विचारायच्या, “काय गं, गोड बातमी हाय म्हन की!” इतकं पक्कं गणित. बाईनं काही बोलायची गरजच नव्हती, तिचे केस बोलायचे.

दुष्काळ सरला त्या वर्षीची गोष्ट. बाहत्तरनं माणसांची हाडं वर काढली होती. पुढच्या वर्षी ढग दिसायला लागले आणि मला पाचवा महिना लागला, तर अत्ती सगळ्यांना सांगत सुटल्या, पाऊस आणि नातू बरोबरच येनार. पाऊस आला. पोटातलं मात्र श्रावणात पडलं.

घरीच पडलं. सुईण आली आणि गेली. मी तापात होते. पहाटे अत्तींनी ते जुन्या मऊ धोतरात गुंडाळलं आणि ह्यांना घेऊन कुंभारी गावाच्या पुढं आमचं रान आहे तिथं गेल्या. आमच्यात माणूस जाळत नाहीत, पुरतात. परत आल्या, हात-पाय धुतले आणि पिठाला बसल्या. मुलगा होता का मुलगी, मला कुणी सांगितलं नाही. मी विचारायच्या आत घरानं तो विषय मिटवून टाकला होता. पुढं जरा उठून बसायला लागले तेव्हा ह्यांना विचारलं, “कुटं ठिवलं?” हे भिंतीकडं बघत म्हणाले, “बांधावरच्या बोरीखाली. मी गाडीपाशीच हुतो.” एवढंच.

मग गल्लीतल्या बायका आल्या, आपापली कारणं घेऊन. हिनं भरला हंडा उचलला असंल. गिराणात विळी धरली असंल. एकीनं तर पपई खाल्ली असंल म्हणून सांगितलं. अगं बाई, दुष्काळात पपई कुठली! प्यायला पाणी नव्हतं, आणि मी काय पपईच्या बागेत बसले होते? पण तेव्हा मी गप्प बसले. तापातून उठलेल्या बाईला गप्प बसणं सोपं जातं.

ह्यांचं भुसार मालाचं दुकान होतं, आणि आठवड्यातून एकदा हे रानात चक्कर टाकायचे. आले की जेवताना ज्वारीची खबर सांगायचे. तेच माझं पंचांग. रानात पेरणी चालू होती त्याच सुमाराला, सर्वपित्रीच्या आसपास, मला पहिली पाळी आली. न्हाणीघरात मी खाली बसले आणि पोटभर रडले, आणि मधेच लक्षात आलं की हे रडणं दुःखाचं नाही. इतके दिवस ते अंग कुणाचं तरी होतं, सुईणीचं, तापाचं, गल्लीच्या चौकशांचं. त्या दिवशी ते माझ्याकडं परत आलं. दुखत होतं, पण माझं होतं. मला वाटलं, बरं झालं बाई आलीस, बस जरा.

चौथ्या दिवशी मी डोक्यावरून पाणी घेऊन बाहेर आले तर अत्ती दारात.

“न्हालीस?”

“व्हय.”

त्यांचा चेहरा असा उतरला की विचारू नका. “शिवा, शिवा” म्हणत आत गेल्या आणि दिवसभर कुणाशी बोलल्या नाहीत. रात्री हेही खाली मान घालून जेवले. मला काही केल्या कळेना. जे खरंच गेलं, त्याच्यासाठी या घरात कुणी डोळ्याला पदर लावला नव्हता. आणि जे अजून आलंच नव्हतं, त्याच्यासाठी दर महिन्याला घर सुतक पाळणार? सुतक न मानणारं आमचं घर!

दुसरी पाळी ऐन दिवाळीत आली. ज्वारी तेव्हा वीतभर होती. अमावास्येला लक्ष्मीपूजन. अत्तींनीच मला पाटावर बसवलं, माझ्याच हातानं हळदकुंकू वाहिलं, माझ्याच हातचा नैवेद्य. अंगावरून जात होतं, आणि अत्तींना ते माहीत होतं. कुणी ब्र काढला नाही, काढायचं कारणही नव्हतं. हे मी मुद्दाम सांगून ठेवते, पुढं लागेल.

चार दिवसांनी पुन्हा ओले केस, पुन्हा अत्तींचं “शिवा, शिवा”, आणि आता भिंतीपलीकडून शांताबाईंचं “अरारा” सुद्धा. त्या “अरारा”नं माझं डोकं फिरलं. माझ्या केसांकडं बघून दुसऱ्याच्या अंगणातली बाई अरारा करते? मग बघाच म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून मी वाटेल त्या वारी न्हायला लागले. रविवारी न्हाले. मंगळवारी न्हाले. एकदा तर लागोपाठ दोन दिवस. बंब पेटवायचा, शिकेकाई लावायची, आणि मोकळे केस पाठीवर टाकून भर अंगणात उन्हाला बसायचं, सगळ्यांना नीट दिसतील असं. गल्लीची अशी त्रेधा उडाली! शांताबाईंना गणित जमेना. शेवटी न राहवून म्हणाल्या, “अगं, रोज न्हातीस व्हय? थंडीनं मरशील की!”

“डोस्कं खाजतंया, शांताबाई.”

“लई खाजतंया म्हन की.”

“लई.”

अत्ती भिंतीला टेकून बघत बसायच्या. एक दिवस त्यांनी शिकेकाईचा डबा वरच्या फळीवर ठेवला. मी पाटावर चढून काढला. त्या गडबडीत तिसरी पाळी आली नि गेली, रानात कोळपणी चालली होती तेव्हा, आणि कुणाला पत्ता लागला नाही. तो एक महिना आमच्या घरात कुणी माझ्या नावानं उसासा टाकला नाही. मला काय मजा वाटली म्हणून सांगू! महिन्याच्या त्या चार दिवसांत मी आणि माझं अंग, दोघीच.

मग मार्गशीर्षातली थंडी पडली. आमच्याकडं थंडी थोडेच दिवस असते, पण असते तेव्हा हाडात जाते. मी आजारी पडेन अशी माझी मलाच भीती वाटली आणि मी मुकाट्यानं पुन्हा शुक्रवारवर आले. माझं एवढंच कारण. पण गल्लीचं गणित पुन्हा सुरू झालं ना! हिचे केस आता नुसते शुक्रवारी ओले. एक शुक्रवार झाला, दुसरा झाला. आधीचा महिना धरायचा कुठून ते कुणालाच माहीत नाही, तर सगळ्यांनी आपल्याला हवा तिथून धरला. शांताबाईंनी भिंतीवरून बोटं मोजून दाखवली आणि अत्तींचा चेहरा उजळला.

अत्ती मराठीत बोलायला लागल्या. भाकरीवर लोण्याचा गोळा येऊ लागला. हंडा माझ्या हातातून काढून घेऊ लागल्या. मला वाटलं, आजारपणानंतरची माया असेल. कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की. पण विचारणार कोण? त्यांना वाटायचं, उघड विचारलं की दृष्ट लागते. केसांना विचारलं ना, मग तोंडाला कशाला? येळवशीच्या आदल्या दिवशी त्यांनी कासारणीला दारात बसवून हिरव्या बांगड्या घेतल्या, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. रानात, उभ्या ज्वारीत, काळ्या आईचे आणि माझे डोहाळे एकदमच पुरवायचा बेत होता. मी सांगायला तोंड उघडलं, तोवर त्या पुरणाला लागल्या होत्या आणि स्वयंपाकघर बायकांनी भरलं होतं. मला ती येळवस हवी होती, डोहाळ्यांसाठी नको, बोरीसाठी. श्रावणापासून मला त्या रानात कुणी नेलं नव्हतं. आज जाऊ दे, उद्या तिथं गेल्यावर बघू, असं मी ठरवलं.

अंगानं काही माझं ठरवणं ऐकलं नाही. येळवशीच्या सकाळीच आली.

दारात बैलगाडी उभी. पाट्या भरून झालेल्या, आंबिलीचं मडकं कडब्यात बसवलेलं. अत्ती हिरव्या बांगड्या घेऊन माझ्याकडं आल्या. “ये माजी बाय, हात दे.”

मी हात मागं घेतला. “अत्ती, मला सकाळीच आलीया.”

त्यांची नजर माझ्या केसांवर गेली. मग हळूच, “पर तू तर नुसती शुक्कीरवारी...”

“थंडी हुती म्हनून.”

मग जो कानडीचा पूर आला त्यातलं मी इथं काही लिहीत नाही. सगळ्यात शेवटी, मला नीट कळावं म्हणून मराठीत म्हणाल्या, “तू घरीच ऱ्हा. काळी आई भरलीया. रिकाम्या वटीची बाई पोटरीतल्या जोंधळ्यात न्हाय न्यायची. तुजी सावली नको तिच्यावर.”

रिकामी. तो शब्द कानात गेला आणि माझ्या पायाखालचं सगळं स्थिर झालं. भीती नावाची गोष्टच राहिली नाही. मी म्हटलं, “अत्ती, दिवाळीला लक्ष्मीपुडं तुमीच बसवलं की मला. तवाबी आली हुती. तवा विटाळ न्हवता, आता कुटनं आला? गळ्यात हे लिंग तवाबी हुतं, आताबी हाय. माजं प्वार पडलं त्या दिवशीबी हुतं, कुनी काडलं न्हाय. त्याला चालतंया ते तुमाला का चालंना?”

शांताबाई भिंतीवरून ऐकत होत्या. ऐकू दे म्हटलं, फुकट आहे. “आनि रिकामी कुनाला म्हनता? त्या रानात माजं काय हाय ते तुमाला ठावं हाय. तुमीच ठिवून आलाय. जोंधळ्याचं डव्हाळं पुरवाय सगळी निगालासा, आनि माज्या लेकराला इतक्या दिसात घासभर आंबील कुनी घातली न्हाय. मी जानार. गाडीत घेतलं न्हाय तर चालत जानार.”

आणि गाडीत चढून बसले. सगळ्यांच्या आधी, पाट्यांच्या मधे. हे बैलाची वेसण धरून उभे होते. हे कधी आईपुढं बोलले नाहीत, त्या दिवशीही बोलले नाहीत. फक्त माझ्याजवळ येऊन मडकं नीट केलं आणि म्हणाले, “धरून बस. पुडं वाट खराब हाय.”

वाटभर अत्ती गाडीत माझ्याकडं पाठ करून बसल्या होत्या. हिरव्या बांगड्या त्यांच्या मुठीत वाजत होत्या.

रान बघितलं आणि माझा जीव गलबलला. एक वर्ष भेगाळून पडलेली ती जमीन, आणि आता ज्वारी माझ्या डोक्याच्या वर. पोटऱ्या फुगलेल्या, पानांवर दंव. खोप झाली, पूजा झाली. मग आंबिलीचं मडकं ह्यांनी उचललं, तर मी पुढं होऊन ते त्यांच्या हातातून घेतलं. रानभर फिरताना जी आरोळी देतात तिचा अर्थ मराठीला ठाऊक नाही आणि कानडीलाही नाही. ती बाप्यांनी द्यायची असते. त्या दिवशी मी दिली, घसा फुटेस्तोवर. चौथ्या कोपऱ्याला पोचले, आरोळी थांबवली आणि सरळ बांधावर गेले.

बोर मोठी होती, पिकल्या बोरांचा सडा पडलेला. मडकं घेऊन मी तिच्याभोवती फिरले. बोरीखाली म्हणजे नेमकं कुठं? एवढी मोठी सावली, सगळीकडं सारखीच माती. पाऊस पडून गेलेला, गवत उगवलेलं. मी एका ठिकाणी बसले, आंबिलीत हात घातला. आई असून मला माहीत नव्हतं, याचा असा संताप आला!

मागून आवाज आला. “अल्लि अल्ल.”

अत्ती होत्या. तिथं नाही, असं म्हणत होत्या. पदर खोचलेला, पायांना काटे लागलेले. त्या पुढं आल्या, बोरीच्या वरच्या अंगाला गेल्या, गवत बाजूला सारलं. तळहाताएवढा एक पांढरा दगड होता, घासून-पुसून ठेवल्यासारखा. श्रावणातल्या पहाटे ठेवलेला दगड असा स्वच्छ राहत नाही. कुणीतरी तिथं येऊन जात होतं.

“इल्लि,” अत्ती म्हणाल्या. इथं. कानडीत, आणि राग नव्हता.

मी आंबील घातली. त्यांनी मुठीतल्या हिरव्या बांगड्या त्या दगडापुढं मांडल्या. मग खाली बघतच मराठीत म्हणाल्या, “पोरगी हुती.”

आम्ही दोघी तिथं बसून रडलो. रानात सगळे आमची जेवायला वाट बघत होते. बघू दे म्हटलं.

त्यानंतर अत्ती माझ्या केसांकडं कधी बघायच्या नाहीत असं नाही. बघायच्या. जन्माची सवय ती. पण “शिवा, शिवा” मात्र पुन्हा ऐकू आलं नाही, आणि शिकेकाईचा डबा खालच्या फळीवर आला.

हे सगळं मी काल श्रुतीला सांगितलं. ऐकताना तिचे डोळे भरले होते, पण संपल्यावर तिनं काय विचारलं असेल? “मग आज्जी, नंतर तुला पुन्हा दिवस गेले का?”

मी म्हटलं, “आलीस का तूपण भिंतीवर, शांताबाई?”

तिला नाही सांगितलं. तुम्हालाही सांगणार नाही. तुम्हीही एवढा वेळ तेच मोजत वाचत आला असाल. माझं एक मूल होतं, पोरगी होती, तिची जागा मला माहीत आहे. ही गोष्ट तिची आहे, आणि ती पुरी आहे.

आज सकाळी श्रुती न्हाणीघरातून बाहेर आली. “आज्जी, आली,” म्हणाली आणि रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, “रड. पण जे गेलं त्याच्यासाठी रड. ही आलीय तिला कशाला बोल लावतेस? तुझं अंग तुला भेटायला आलंय.” बराच वेळ ती रडली. मग म्हणाली, “उद्या मी येऊ रानात? अशी?”

“आपल्यात चालतं.”

“आणि नसतं चाललं तर?”

“तरी नेली असती.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला, सासूबाईंचा. तिनं बघितलं, आणि तो वाजू दिला. स्वतः उठून आंबिलीसाठी ताक घुसळायला बसली. बोर मागंच कधीतरी वादळात पडली. पण दगड आहे, आणि उद्या तिथं दोन वाट्या आंबील लागणार आहे.

मी न्हाणीघरात गेले, डोक्यावरून दणकून पाणी घेतलं आणि केस मोकळे सोडून अंगणात उन्हाला बसले. पांढरे झालेत, पण अजून पाठभर आहेत. शांताबाई गेल्या. त्यांची सून, तीही आता म्हातारीच, भिंतीवरून डोकावली. “अवो आज्जी, आज बुधवारी न्हालासा?”

“व्हय की,” मी म्हटलं. “मोज.”